तुझ्या वाटणीची दुपार

वहिनी, या घरात बसून तुला ‘तू’ म्हणण्याची ही माझी पहिलीच वेळ. घरात तू ‘वहिनी, तुम्ही’ होतीस. तू थोरली जाऊ, मी धाकटी. एसटी बोर्लीचा स्टँड सोडून म्हसळ्याच्या रस्त्याला लागली की ते ‘तुम्ही’ आपोआप गळून पडायचं, आणि दोन दिवसांनी परत येताना गावाचा फाटा दिसला की पुन्हा जिभेवर यायचं. हे आपण दोघींनी कधी बोलून ठरवलं नव्हतं.

काल तुझं तेरावं झालं. पाहुणे गेले. जो तो एकच सांगून गेला, शेवंता म्हणजे गरीब गाय, कधी वर मान करून बोलली नाही. मी चहाचे कप फिरवत ऐकत होते. तेच लोक मागच्या पडवीत गेल्यावर आवाज खाली घेऊन दुसरंही बोलत होते, की बायकांनी बायकांनी शहरात हिंडायला जायचं म्हणजे एक ना एक दिवस असं व्हायचंच. तेही मी ऐकलं. गरीब गाय म्हणणाऱ्यांना मला एवढंच सांगायचं होतं, की दावं सोडल्यावर ही गाय काय करायची ते फक्त मी पाहिलंय. पण तोंड उघडलं असतं तर पुढचंही सगळं बाहेर आलं असतं. म्हणून गप्प बसले.

आपलं हे हिंडणं सुरू झालं ते तुझ्या प्रशांतमुळे. तो पनवेलला नोकरीला लागला, त्याने खोली घेतली, तेव्हा तांदूळ, वाल आणि आमसुलं पोचवायला आपण दोघी गेलो होतो. तुझ्या यजमानांना, दादांना, खळ्यातून पाय काढता येत नव्हता, आमचे हे रोह्याच्या कारखान्यात पाळीवर. ओझं पोचलं, प्रशांत कामावर गेला आणि अख्खा दिवस आपल्या हातात राहिला. तू म्हणालीस, “इथवर आलोय तर मुंबय बगून येऊ.” लग्नाला इतकी वर्षं झाली होती तुझ्या, आणि त्या दिवसापर्यंत माहेर, सासर आणि श्रीवर्धनचा दवाखाना यापलीकडे तू काही पाहिलेलं नव्हतंस. संध्याकाळी परत येताना तुझे पाय सुजले होते आणि तू गाडीत गुणगुणत होतीस. मी तुला गुणगुणताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर दर पौषात, झोडणी आटपून भात कणगीत पडलं, की दोन दिवस आपले. एक शहर, एक मुक्काम. कधी पुणं, कधी नाशिक, कधी कोल्हापूर.

लोकांना वाटतं, मी पोस्टात नोकरीला, म्हणून मला वेळेची आणि ठरवण्याची सवय. सवय आहेच. पण ते ठरवणं कशासाठी होतं ते तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. जायच्या आधी चार-दोन दिवस, दिवेलागणीला दादा ओटीवर बसायचे आणि मी उभ्याने सांगायचे. सकाळच्या गाडीने पुण्याला. दादा म्हणायचे, “मग?” मग देवदर्शन. “मग?” मग माझ्या मैत्रिणीकडे जेवण, तिचे यजमान घरी असतात. “मग?” असं करत रात्रीच्या अंथरुणापर्यंत. दादा वाईट नव्हते. आवाज चढवायचे नाहीत. त्यांना काळजी करायची ती प्रश्न विचारूनच करता यायची. पण कुठे फट राहिली तर त्या फटीतून नकार आत येईल हे मला ठाऊक होतं, म्हणून मी फट ठेवायचे नाही. तू बाजूला भिजवलेले वाल सोलत बसलेली असायचीस, मान खाली घालून, जणू जायचं दुसऱ्याच कुणाला आहे. एकदा दादा आत गेल्यावर तू हळूच म्हणालीस, “त्यांना सांगायचं ते सांग. मला नको सांगू कुठं जायचं ते.”

मला तेव्हा राग आला होता. एवढा जीव आटवून मी घडी बसवते, आणि जिच्यासाठी बसवते तिला ती ऐकायचीही नाही.

पुण्यात तर आपण रस्त्यातच भांडलो. मला जुन्या वस्तूंचं संग्रहालय बघायचं होतं. वर्षभर त्याबद्दल वाचलं होतं, बंद कधी असतं, आत जायला किती वेळ लागतो, सगळं. निम्म्या वाटेत तुला कुठूनसा ठोकण्याचा आवाज आला आणि तू वळलीस. विचारलं नाहीस, वळलीसच. आत तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची आळी निघाली. एक म्हातारा हंड्याचा गळा ठोकत होता. तू त्याच्या पायरीवर बसलीस आणि बसूनच राहिलीस. त्याने एक हंडा पुरा केला, दुसरा घेतला. मी उन्हात उभी, हातात घड्याळ. शेवटी मी म्हणाले की आपण इथे हंडे बघायला आलो नाही, हंडे घरीही आहेत.

तू उठलीस, पदर झटकलास आणि चालता चालता बोललीस. “सवे, पहाटं उठल्यापासनं माझं सगळं ठरलेलंच हाय. चूल ठरलेली, गोठा ठरलेला, कुणाला काय वाढायचं ते ठरलेलं. दोन दिस तरी काय ठरलं न्हाय असं ऱ्हाऊ दे की.”

मी म्हणाले, “ठरवलं नसतं तर तू आत्ता त्या चुलीपुढेच असतीस.”

“ते बी खरं,” तू म्हणालीस. “पण आता आलीय न्हवं मी? आता कशाला ठरवतेस?”

संग्रहालय बंद होण्याच्या बेतात होतं. आपण धावतपळत दोन दालनं पाहिली. तुझ्या त्या प्रश्नाला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. मला वाटलं होतं, पुढच्या वर्षी देईन. पुढच्या वर्षीही सुचलं नाही. आता सुचलं तरी ऐकायला तू नाहीस.

भांडणातून वाटणी निघाली. घरात जमीन वाटतात तशी आपण दोन दिवसांची वाटणी केली. पहिला दिवस माझा, दुसऱ्या दिवसाची सकाळ माझी, दुसऱ्या दिवसाची दुपार तुझी. तुझ्या दुपारी तू कुठेही जा, काहीही कर. मी एका ठरलेल्या जागी बसेन आणि ऊन उतरायच्या आत तू तिथे यायचंस. नाशिकला मी तुझ्याबरोबर यायचा प्रयत्न करून पाहिला. अर्ध्या तासात तू मला परत पाठवलंस. म्हणालीस, तुझ्यासंगं घड्याळ येतं. मी चिडले नाही, कारण ते खरंच होतं. मी देवळाच्या पायरीवर जाऊन बसले आणि तू आलीस तेव्हा तुझ्या हातांना लसणाचा वास येत होता. कुठल्या तरी खानावळीच्या मागच्या दारी बायका लसूण सोलत बसल्या होत्या आणि तू त्यांच्यात बसून दुपार काढली होतीस. त्यातल्या एकीची मुलगी नांदत नव्हती, एकीचा नवरा पाण्यात बुडून गेला होता. परतीच्या गाडीत तू ते सगळं मला सांगितलंस. तू सांगायला लागलीस की मागच्या सीटवरचे लोकही ऐकायचे. घरात चार शब्द बोलणारी तू. नाशिकचा घाट मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, तो मला फारसा आठवत नाही. ती लसणाची खानावळ मी पाहिलेलीच नाही, पण तिचं मागचं दारसुद्धा मला आठवतं.

फोन मात्र तू तुझ्या दुपारी बंद करायचीस. माझ्यादेखत. त्यावरून दर वर्षी वाद. बंद फोन पिशवीत घालून फिरण्यात काय अर्थ, असं मी म्हणायचे, आणि तू म्हणायचीस, चालू ठेवला तर घरचे मागून येतात.

कोल्हापूरला तू वाट चुकलीस. ऊन उतरलं, दिवे लागले, तरी तू नाही. मी जागा सोडली नाही, कारण जागा सोडली तर तू मला कशी शोधणार? मग गर्दीतून तू येताना दिसलीस, घामाने थबथबलेली, चप्पल तुटलेली. घाबरली होतीस. मला वाटलं, आता तरी कबूल करशील. तू माझ्याशेजारी बसलीस, माझ्या बाटलीतलं पाणी प्यालीस आणि माझा हात धरलास. “तू एका जागी बसतेस म्हणून मला हिंडता येतं,” तू म्हणालीस. “तू बी माझ्यासंगं हिंडाय लागलीस तर दोघी हरवू.”

माझ्या ठरवण्याबद्दल तुझ्या तोंडून निघालेला तो एकच चांगला शब्द. त्यानंतर मला बसून राहण्याचा कंटाळा आला नाही. शहर कुठलंही असो, दुसऱ्या दुपारी मी एखाद्या पायरीवर बसायचे आणि मनात म्हणायचे, चला, वहिनी सुटली.

यंदा मुंबई ठरली, ती बोटीने. ती हौस तुझी. दिघीहून आगरदांड्याला जाताना आपण खाडी ओलांडतो, पण खरा समुद्र ओलांडून शहरात जायचं असं तू बरेच दिवस म्हणत होतीस. सरळ रस्ता सोडून मुरूड, अलिबाग, मांडवा असा वळसा कशासाठी, हे दादांच्या गळी उतरवताना मला घाम फुटला. पण उतरवलं. मांडव्याच्या धक्क्यावरून बोटीत चढताना तू माझ्या पुढे होतीस. थंडीचे दिवस, त्यामुळे पांढरे पक्षी बोटीच्या मागे लागले होते आणि लोक त्यांना खायला टाकत होते. तू कठड्याला धरून उभी होतीस. मग एकाएकी खाली बसलीस. चेहरा उतरला होता, कपाळावर घाम. मला वाटलं, बोट लागली. मी पिशवीतून लिंबू काढून दिलं. मी विचारलं, “मळमळतंय का?” तू म्हणालीस, “व्हय, बोटच लागली.” लिंबू नाकाशी धरून तू बसून राहिलीस आणि गेटवे जवळ आल्यावर पुन्हा उठून उभी राहिलीस.

मुक्काम माझ्या मावसबहिणीकडे, गिरगावात. पहिला दिवस माझा होता आणि तो इतका सुरळीत कधीच गेला नव्हता. राणीची बाग, देवीचं दर्शन, सगळं वेळेत. तू कुठे वळली नाहीस, कुठल्या पायरीवर हटून बसली नाहीस. मी म्हणेन त्या बाकावर बसत होतीस, मी म्हणेन तेव्हा उठत होतीस. मी मनात खूश होते, वहिनी. मला वाटलं, इतक्या वर्षांनी तुला माझं पटलं.

दुसऱ्या दुपारी क्रॉफर्ड मार्केटपाशी आपण वेगळ्या झालो. मी सांगितलं, बोटीच्या धक्क्यावर असेन, तिथल्या कट्ट्यावर. तू फोन बंद केलास, पिशवी खांद्याला लावलीस, “येते” म्हणालीस आणि गेलीस. मागे वळून बघायची तुला सवयच नव्हती. तेव्हाही बघितलं नाहीस.

मी कट्ट्यावर बसले. फोटो काढणारे येऊन विचारून जात होते. ऊन उतरलं. आपली बोट भरली आणि सुटली. मला राग आला. तू आल्यावर काय काय बोलायचं ते मी मनात जुळवायला लागले. चांगलं लांबलचक जुळवलं होतं, कोल्हापूरची चप्पलही त्यात होती. दुसरी बोट सुटली तेव्हा मी बोलणं जुळवायचं थांबवलं. तुझा नंबर लावत राहिले, बंद आहे म्हणून सांगणारी बाई तेच तेच सांगत राहिली. आणि एकदा अचानक पलीकडे रिंग वाजली. आवाज तुझा नव्हता.

“सविता काय गं तू? शेवंताबायची जाऊ?” बोलणं आपल्याकडचं होतं, म्हणून क्षणभर मला वाटलं गावातलीच कुणीतरी भेटली असेल तुला. ती म्हणाली, घाबरू नको, पण लवकर ये. दवाखान्याचं नाव सांगितलं.

मी पोचले तेव्हा तुझ्या अंगावर चादर होती. डॉक्टर तरुण होते, नीट बोलले. आणतानाच संपलं होतं म्हणाले. हृदय. मी तुझा चेहरा पाहिला. तुझ्या केसांत आणि भुवयांवर भाताच्या कोंड्याची बारीक धूळ होती, झोडणीच्या दिवसांत असते तशी. मला ते कळेना. मुंबईत कोंडा कुठून आला?

बाहेरच्या बाकावर ती बाई बसली होती. जुबेदाबाई तिचं नाव. माहेर म्हसळ्याकडचं, लग्न होऊन मुंबईत आली. धान्याच्या घाऊक दुकानांच्या गल्लीत, फूटपाथवर बसून दुकानदारासाठी तांदूळ पाखडून निवडून द्यायचं काम ती आणि आणखी काही बायका करतात. तुला आणलं ते तिने आणि तिथल्या हमालांनी, तुझा फोनही तिनेच चालू केला. गल्लीत टॅक्सी शिरेना, म्हणून हातगाडीवर घालून रस्त्यापर्यंत आणलं. ती दमली होती आणि रडून झालेली होती. प्रशांत पनवेलहून निघाला होता, त्याला यायला वेळ होता. तेवढ्यात तिने मला तुझी दुपार सांगितली.

तू त्या गल्लीत आलीस आणि त्यांच्यासमोर उभी राहून बघायला लागलीस. मग म्हणालीस, एक सूप द्या. त्या हसल्या. जुबेदाबाईने दिलं. तू मांडी घालून बसलीस आणि पाखडायला लागलीस. तुझ्या बोलण्यावरून तिने गाव ओळखलं आणि मग तुमच्या गप्पा सुरू झाल्या. आपली खाचरं, बोर्लीचा बाजार, प्रशांत, मी, सगळं तू तिला सांगितलंस. वहिनी, हे ऐकताना मला हसू आलं आणि तिथे हसणं शोभेना म्हणून मी तोंडावर पदर धरला. ज्या कामातून सुटायला म्हणून तू दोन दिवस मागून घ्यायचीस, तेच काम तू मुंबईच्या फूटपाथवर फुकट करत होतीस. पुण्यासारखी समोर असतीस तर मी हे तोंडावर बोलले असते आणि तू काहीतरी उत्तर दिलं असतंस. तू दिलं असतंस ते उत्तर मी शोधत असते. मला वाटतं तू म्हणाली असतीस, इथं मला कुणी बस म्हटलं न्हवतं.

मग जुबेदाबाई माझ्याजवळ सरकली. म्हणाली, खरं सांगू की नको सांगू?

मी म्हणाले, सांगा.

मध्येच तू सूप खाली ठेवून छातीवर हात धरलास. घाम फुटला. त्यांनी पाणी दिलं, चहा मागवला, पोत्याला टेकून बसवलं. तिने विचारलं तेव्हा तू सांगितलंस की हे झोडणीच्या वेळेपासून आहे. काल बोटीतही झालं होतं. “मी बोलले, जावेला फोन लाव,” जुबेदाबाई सांगत होती. “अल्लाची शपथ, दोनदा बोलले. तर म्हणते, नको. ती लगीच दवाखाना ठरवंल. अजून माझी दुपार हाय.”

मी दुसरीकडे तोंड फिरवलं. तिला वाटलं, मला राग आला. ती माझा हात धरून सांगायला लागली, की चहा पिऊन तू बरी दिसत होतीस, म्हणून तिने जोर केला नाही. तू पुन्हा सूप घेतलंस. एवढं निवडून झालं की उठते, म्हणालीस. थोडं निवडलंस, आणि मग पोत्याला टेकलीस ती टेकलीसच.

मला तिचा राग आला नव्हता. तुझा आला होता. आजही आहे. झोडणीपासून म्हणजे किती दिवस, वहिनी? एका चुलीवर आपण दोघी स्वयंपाक करत होतो, एका उखळात तिखट कांडत होतो. तू एकदा, एकदाच, म्हणायचंस की छातीत दुखतंय. मी ठरवलं असतं. होय, लगेच ठरवलं असतं. श्रीवर्धन, तिथून अलिबाग, लागलं तर मुंबई. तुला बरोबर माहीत होतं मी काय केलं असतं. गिरगावातून उठून सरळ डॉक्टरकडे नेलं असतं, दुपार गेली असती, आणि पुढच्या वर्षी दादांनी ‘मग?’सुद्धा विचारलं नसतं, तुला जाऊच दिलं नसतं. हे सगळं तू हिशेबात धरलं होतंस. मला ठरवण्यावरून बोलणारी तू, तू हे चांगलं ठरवून केलंस.

आणि तरीही मला वाटतं की तू मरायचं ठरवलं नव्हतंस. तुला वाटलं असेल, एवढी दुपार निघून जाऊ दे, मग सांगू. आपल्याकडे बायका असंच करतात. एवढी लावणी होऊ दे, एवढं लग्न पार पडू दे, मग बघू. तुझ्या आयुष्यात कामासाठी तू कितीतरी वेळा दुखणं मागे ढकललं असशील, त्याची कुणी नोंदही घेतली नाही. एकदा स्वतःच्या दुपारसाठी ढकललंस, तर जीव गेला.

प्रशांत आला. तुला घेऊन रात्रभराच्या प्रवासाने पहाटे आपण घरी पोचलो. त्याने वाटेत माझ्याशी शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी, सगळे बसलेले असताना, त्याने विचारलं. “काकी, आई एकटी फिरत होती आणि तू धक्क्यावर बसून होतीस?”

मी म्हणाले, “होय. आमचं तसंच ठरलं होतं.”

“ठरलं होतं,” तो म्हणाला, आणि उठून गेला.

मी त्याला सांगू शकले असते. तुझ्या आईला माहीत होतं, तिने सगळ्यांपासून लपवलं, माझ्यापासूनही. एका वाक्यात मी सुटले असते. आमचे हे माझ्याकडे बघत होते, त्यांनाही वाटत होतं की मी काहीतरी बोलावं. मी नाही बोलले. कारण मग पुढचं मला दिसत होतं. मागच्या पडवीतली कुजबुज ओटीवर आली असती. शेवंताला हिंडण्याची इतकी हाव, की जीव गेला तरी सांगितलं नाही. गरीब गाय म्हणणारेच ते म्हणाले असते. आणि प्रशांतच्या मनात कायमचं बसलं असतं, की आईला आपल्यापेक्षा, घरापेक्षा, ती एक दुपार मोठी वाटली. त्याला हे समजावून सांगायला जे शब्द लागतात ते माझ्याकडे नाहीत. तुझ्याकडे कदाचित असते, गाडीत बसल्यावर. त्यापेक्षा त्याने माझ्यावर रागवावं. मी अजून आहे, मी ते सोशीन.

यांनी मला परवा सांगितलं, की आता हे पौषातलं जाणं बंद. कुणाबरोबर जाणार आहे मी? माझ्या एकटीच्या दोन दिवसांत वाटणी कसली करायची? आणि ठरवून ठरवून मी जिथे जाईन तिथे नुसती बसूनच राहीन, असं वाटतं. वाट कुणाची बघायची तेवढं सोडून सगळं असेल.

जुबेदाबाईचा काल फोन आला होता. तिने विचारलं, सगळं नीट पार पडलं का. तुला ती एका दुपारपुरती ओळखत होती. मी तिला एवढंच विचारलं, की त्या दिवशी गप्पा मारताना वहिनी कशा होत्या. ती म्हणाली, “लय बोलत होती बाय. आम्हाला बोलू देईना.” मी फोन ठेवला आणि गोठ्यात जाऊन रडले. मोकळं रडणं तेरा दिवसांत तेवढंच झालं.

काल संध्याकाळी पाहुणे गेल्यावर दादा खळ्याच्या कडेला बसले होते. मी चहा घेऊन गेले. त्यांनी कप घेतला, पण प्यायले नाहीत. इतक्या दिवसांत त्यांनी मला काहीच विचारलं नव्हतं. ना कुठे होतीस, ना कसं झालं. त्यांनी शेताकडे बघतच विचारलं.

“तिला लय दुखलं असंल काय गं?”

माझ्या डोळ्यांपुढे बोट आली, लिंबू आलं, छातीवरचा हात आला. झोडणीचे दिवस आले, तेव्हा हेच दादा तुझ्यासमोर उभे राहून भाऱ्यामागून भारा टाकत होते आणि त्यांनाही काही दिसलं नव्हतं. खरं सांगितलं तर ते दिवस त्यांना एकेक करून आठवत बसावे लागले असते.

“नाही, दादा,” मी म्हणाले. “एकदम झालं. बसल्या बसल्या.”

“जवळ कोण व्हतं?”

“म्हसळ्याकडची एक बाई होती. तिच्याशी बोलत होत्या.”

दादांनी मान हलवली. मग म्हणाले, “बरं झालं. एकटी न्हवती.” आणि गार झालेला चहा एका घोटात प्यायले.

मी कप उचलून आत आले. तुझ्यासाठी एवढंच करता आलं, वहिनी. त्यांच्या लेखी तुला दुखलं नाही. बाकीचं भांडण आहे ते आपलं आपल्यात राहू दे.